पिवळं रबर

खुर्ची गेली त्याचं मला काही वाटलं नाही, ती मीच सोडली होती. हात गेला त्याचं वाटतं. आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं, हिला मॅनेजरकीची आठवण येते. डोंबल येते!

पवनानगरच्या पुढे गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. त्यातल्या एकात मी लग्न झाल्यावर कामाला लागले, ग्रेडिंगला. तोडून आलेली फुलं टेबलावर घ्यायची, दांडीच्या लांबीप्रमाणे वेगळी करायची, खालची पानं काढायची आणि वीस-वीस फुलांचा बंच बांधून त्याला रबर चढवायचं. ऐकायला सोपं वाटतं, वाटू दे. दोन बोटांत कळी नुसती धरली की ही उद्या उमलणार की परवा, ते मला समजायचं. पानावर भुरी रोगाची पांढरी धूळ बसायला लागली की सगळ्यांच्या आधी मला दिसायची. तिकोणा पेठेची एक जण माझ्याबरोबरच लागली होती, तिचं टेबल माझ्या शेजारी. दिवसभर आम्ही एकमेकींची उणीदुणी काढायचो आणि दुपारी एकमेकींच्या डब्यातलं खायचो. ती मला म्हशे म्हणायची. मीही तिला काय काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे शेठनी मला सुपरवायझर केलं आणि मग मॅनेजर. दोन फोन आले, एकावर व्यापारी ओरडायचा, दुसऱ्यावर शेठ. रबरांचे रंग मीच सुरू केले. प्रत्येक बाईला वेगळा रंग, म्हणजे बाजारातून तक्रार आली की बंच कुणाचा ते लगेच सापडावं. शेठ खूश झाले. बायांनी काही न बोलता आपापला रंग घेतला. तिकोणा पेठेचीनं हिरवा घेतला आणि त्याच सुमाराला कधीतरी ती मला मॅडम म्हणायला लागली. आधी मला वाटलं, चेष्टा करतेय.

फुलांचा भाव पडला की बायका कमी करायच्या. ‘उद्यापासून येऊ नका’ हे सांगायचं काम माझं. त्या भांडायच्या नाहीत, डबा उचलून निघून जायच्या, आणि मला घरी घास जायचा नाही. डॉक्टरनी ब्लडप्रेशरची गोळी लावली, मग दोन लावल्या. शेवटी मी शेठच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला परत ग्रेडिंगला बसवा. शेठ हसले. वर गेलेलं माणूस कधी खाली येतं का, म्हणाले. मी म्हटलं, मी येते.

माझा नवरा कामशेत-पवनानगर जीप चालवतो. त्याला हे अजिबात पटलं नाही. म्हणाला, पॅसेंजर विचारणार, काय ओ, वहिनींना काढलं का, आणि मी काय सांगू? मी म्हटलं, सांगा, तिला तिचं काम येतं म्हणून ती कामावर गेली. एवढा तोरा होता माझा. सगळं सोडलं तरी हात कुणी काढून घेत नाही, या एका गोष्टीवर मी ती नोकरी सोडली होती. माझ्याकडे दुसरं होतंच काय?

पिवळा रंग कुणाकडे नव्हता, तो मी घेतला. पहिल्या दिवशी बोटं जड वाटली. सवय मोडलीय, येईल आठवड्यात, असं मी स्वतःला समजावलं. दुपारी बायकांनी गोलात मला जागा करून दिली. जरा जास्तच मोठी दिली. गप्पा मात्र थांबल्या. हेही येईल हळूहळू, म्हटलं.

पावसाळा संपता संपता नव्या मॅनेजरनी, शेतीची डिग्री घेतलेल्या एका मुलीनं, सगळ्यांच्या देखत सांगितलं की पिवळ्या रबराची बाजारातून एकही तक्रार आलेली नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी वर्षं फोन धरून बसले तरी हात शाबूत होता! त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि नवऱ्याला दोनदा वाढला. त्यानं खाल्ला. मग म्हणाला, बरोबरच केलंस म्हणायचं. त्याच्या तोंडून एवढं ऐकायला मी किती दिवस थांबले होते.

त्यानंतरच्याच शनिवारची गोष्ट. धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, जीप काही येईना. फाटकाशी उभं राहिल्यावर लक्षात आलं, चष्मा टेबलावरच राहिला. परत गेले. हॉल रिकामा होता, फक्त तिकोणा पेठेची होती, माझ्या टेबलाशी. पुढ्यात माझे बंच सोडलेले. वाकड्या मानेची फुलं तिनं बाजूला काढली होती, भुरी लागलेली पानं खुडून ढीग केला होता. आणि प्रत्येक बंच नव्यानं बांधून त्यावर माझंच पिवळं रबर चढवत होती.

तिनं वर बघितलं.

“मागारी कशाला आला, मॅडम? जीप न्हाई आली व्हय?”

मी विचारलं, हे कधीपासून चाललंय. ती म्हणाली, पयल्या दिवसापासनं. आम्ही पाळीपाळीनं करतो, आज माझी पाळी. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या टेबलापासून दाराशेजारच्या टेबलापर्यंत सगळ्या जणींना.

“तुमच्या रबराला कुणी नाव ठेवल्यालं न्हाई चालायचं आमाला,” ती म्हणाली.

मी ढिगातलं एक पान उचलून डोळ्यांजवळ नेलं. चष्मा लावून बघितलं. मला ते हिरवंगार दिसत होतं. मी तिला म्हटलं, “अगं, तोंडावर सांगायचंस ना मला. म्हशे, तुझा हात गेला, ऊठ इथून, असं म्हणायचंस.”

“काईतरीच काय, मॅडम.”

ती हसली आणि खाली मान घालून पुढचा बंच सोडायला लागली. मी उभीच राहिले. एकदा, फक्त एकदा तिनं म्हशे म्हणावं म्हणून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर नवऱ्याच्या जीपचा हॉर्न वाजला.

घरी काही सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कुठल्या तोंडानं? शिरा तर त्यानं खाऊन टाकला होता.

मी अजून जाते. फुलं निवडते, वीस मोजते, पिवळं रबर चढवते. सुट्टी झाली की चष्मा आठवणीनं पर्समध्ये टाकते आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडते. जिची पाळी असेल तिला घरी जायला उशीर नको.