सर्व विषयांचे मुंजाजी सर

तासाची घंटा झाली की मुंजाजी सर वर्गाच्या दारातच थांबत आणि विचारत, "आता मी कोण हाय रे?" पोरं एका सुरात ओरडत, "भूगोल!" मग सर भूगोल होऊन आत शिरत.

त्यांची नेमणूक शारीरिक शिक्षणाची. पण हट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेच्या माहितीपत्रकात विषय सोळा होते आणि शिक्षक सात. उरलेले विषय मुख्याध्यापक मुंजाजी सरांच्या वेळापत्रकात कोंबत. मी नवी होते, मराठीची पदवी घेऊन बीजगणित शिकवत होते. सर धीर देत, "पुस्तकात समदं लिव्हलेलं असतंय, मॅडम. आपण पोरांच्या एक पान पुढं राहायचं, बस."

संगणक हा विषयही त्यांच्याकडेच. संगणक तीन होते, पण खराब होतील म्हणून कुलपात. सरांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं भला मोठा कीबोर्ड आखला. पोरं अक्षरावरून अक्षरावर उड्या मारत आपापलं नाव टाइप करीत. पाहणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला : 'संगणक शिक्षण समाधानकारक. व्यायामही होतो.'

मग शाळेला अकरावी विज्ञान मिळालं. पत्रकात 'सुसज्ज प्रयोगशाळा' छापून आली; प्रत्यक्षात एक स्पिरिटचा दिवा आणि बरणीतला बेडूक. वर्ग टिकवायचा तर पोरं हवीत, म्हणून आम्ही गावोगाव निघालो. मी सरांच्या मोटारसायकलवर मागे, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा.

रुक्मिण आमच्याच शाळेत दहावीला पहिली आलेली. तिचे वडील मारोतराव अंगणात हळद वाळवत होते. पत्रक उलटंपालटं करून ते म्हणाले, "सर, पोरीला डॉक्टर व्हायचंय. ते फिजिक्स का काय, ते शिकवणार कोण?"

सर खाली पाहू लागले. मग म्हणाले, "मीच."

मारोतरावांचा चेहरा उजळला. "तुमी हायेत व्हय! मग काही तकलीफच न्हाई. घ्या नाव लिहून."

"म्हणून तर सांगून राहिलो, मारोतराव," सर म्हणाले. "तिला हिंगोलीला घाला."

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. उपयोग झाला नाही. पुढच्या पाच घरी सरांनी हेच सांगितलं, आणि गठ्ठा तसाच परत आला.

अकरावी बारगळली. पट घटला, एक शिक्षक अतिरिक्त ठरला. ज्यांच्याकडे सगळे विषय होते, नेमके तेच, कागदावर फक्त खेळाचे म्हणून, जास्तीचे ठरले. निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, "मुंजाजी सरांनी खेळाशिवाय दुसरा विषय कधी मनात आणला नाही." सर हसले. मला हसू आलं नाही.

परवा आखाडा बाळापूरला त्यांच्या नव्या शाळेत गेले. तिथे प्रत्येक विषयाला शिक्षक आहे. सरांना फक्त मैदान. पण मैदान रिकामं होतं. सर सापडले अकरावीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, पोरांमध्ये गुडघे दुमडून वही लिहिताना.

तास संपल्यावर मी विचारलं, "सर, हे काहून?"

"रुक्मिणला फिजिक्स जड जाऊन राहिलं," ते ओशाळून म्हणाले. "रोज फोन करती. म्हणती, सर, तुमीच समजून सांगा. आता लेकराला न्हाई कसं म्हणू?"