खुब्यातला जुना दांडा

देवीवरची माझी श्रद्धा जरा आडमुठीच होती. मी साखर कारखान्यात फिटर. नोकरी लागायच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या कामावर पडून माझा खुबा मोडला. पुढं सोलापूरला डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवला आणि बजावलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. पण पाय बरा व्हावा म्हणून मी लोटांगणाचा नवस बोललो होतो. घरी न सांगता तुळजापूरला लोटांगण घालून आलो. नवस फिटला, पण खुब्यातून कळ निघाली ती थांबेचना. वर्षभरात कुबडी आली. बायको म्हणाली, "देव भावाचा भुकेला असतोय, तुमच्या हाडांचा न्हाय."

दुसऱ्या ऑपरेशनसाठी दाखल झालो तेव्हा डॉक्टर स्पष्टच बोलले. सांधा वरून हलत होता, पण मांडीच्या हाडात गेलेला त्याचा दांडा खाली हाडात भरतात त्या सिमेंटनं घट्ट धरला होता. तो ओढायचं अवजार त्यांच्याकडं नव्हतं. वाकडा ओढला तर हाड उभं चिरणार आणि पाय कायमचा जाणार. मला देवीचाच राग आला. तिच्यासाठीच तर हे केलं होतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा टर्नर, लेथवर काम करणारा. आमचं बोलणं ऐकून तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, बेअरिंग काढायला पुलर लावतो, तसलंच पायजे की. म्होरं आकडा, मागं सळई, सळईवर सरकतं वजन. वजन मागं हाणलं की दांडा सरळ येतोय."

जन्मभर पुलर वापरला मी, आणि मला सुचलं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकलून त्याला माप दिलं. चार दिवसांत त्यानं स्टेनलेस स्टीलचं अवजार करून आणलं. देवीआईनंच तुला धाडलं, असं मी म्हणालो तर हसला. "जयभीम, काका. आमी देवबीव मानत न्हाय. माप मानतो."

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं अंग बधिर होतं, कान मात्र जागे. वजनाचा ठोका ओळखीचा वाटला. जरा डावीकडं घ्या, असं सांगायला जीभ वळवळली. मग मनात म्हणालो, आई, आता तूच बघ. आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामात गप्प राहिलो. थोड्या वेळानं दांडा ट्रेमध्ये पडला. हाड शाबूत होतं, त्यात नवा सांधा बसला.

चार महिन्यांनी तुळजापूरला उभ्यानंच हात जोडले. आईनं कुणाच्या हातून काम करून घ्यावं, हे ठरवणारा मी कोण? तिथून पेढे घेऊन टर्नरच्या वर्कशॉपात गेलो. त्यानं काळे हात पुसून पेढा खाल्ला आणि म्हणाला, "जरा चालून दावा, काका." काठी लेथला टेकवून मी भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. तो माझ्या पायाकडं बघत होता आणि मला रडू आवरत नव्हतं.