पुढच्या शुक्रवारी

माधवदादांच्या मुलीचा, रेवाचा फोन आला तेव्हा मी दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या सिग्नलला अडकलो होतो. "काका, बाबा इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मागची गाडी हॉर्न वाजवत होती आणि माझ्या डोक्यात आलं ते हे, की मग शुक्रवारचं काय? शुक्रवारी आम्हाला एक गाणं परत रेकॉर्ड करायचं होतं. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी गाणं आठवावं याची मला लाज वाटली; पण माधवदादांना ओळखणाऱ्याला त्यात वावगं वाटणार नाही. ते स्वतः दुसऱ्याच्या मयतीलाही घड्याळ बघतच उभे राहायचे.

माधवदादा घारपुरे मूळचे नाशिकचे, गॅसच्या प्लँटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. तरुणपणी वाळवंटातल्या कँपवर एका अमेरिकन फोरमननं त्यांच्या हातात मँडोलिन दिलं आणि आपल्या डोंगराळ मुलुखातली गाणी शिकवली. खाणीत कामाला गेलेल्यांची, आगगाडीनं दूर निघालेल्यांची, आई मागे राहिलेल्यांची. या गाण्यांना कंट्री म्हणतात, आणि त्यातला तारांच्या वाद्यांवरचा धावता प्रकार म्हणजे ब्लूग्रास. फोरमन मायदेशी गेला, दादा राहिले. स्वतः गाणी लिहून पार्ट्यांत, कंपनीच्या समारंभांत गात राहिले. गणेशोत्सवात मंडळानं भावगीत म्हणायला सांगितलं, की "माझा गळा त्यातला नाही" म्हणून इंग्रजीच गाणं सुरू करायचे आणि लोक मोदकांकडे वळायचे. त्याचं त्यांना सोयरसुतक नसे.

सत्तरीला आले, कंत्राट संपत आलं, आणि एकदम अल्बमचं वेड डोक्यात शिरलं. "नाशिकला गेल्यावर निवांत करा की," मी म्हणालो. "अरे, घर सोडलेल्यांची गाणी घरी बसून म्हणायची? खोटी वाटतील." झालं. दर शुक्रवारी त्यांच्या अल सद्दच्या फ्लॅटमध्ये आम्ही जमू लागलो. मी व्हायोलिनवर, जोसेफ गिटारवर, डॅनी बासवर. मधोमध एकच माइक. ज्याची पाळी त्यानं पुढं यायचं, बाकीच्यांनी मागं सरायचं, ही ब्लूग्रासची जुनी रीत. घरघर येते म्हणून एसी बंद, फ्रिजही बंद. उन्हाळ्यातलं दोहा... दुसऱ्या कडव्यापर्यंत तारा उतरायच्या आणि नलूवहिनींचं दही आंबायचं. "यल्ला, चला, परत घेऊ," दादा म्हणायचे. जमलेलं गाणंही त्यांना कधी जमलेलं वाटत नसे. चुळबुळ तर इतकी, की चपलांचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून आम्ही त्यांना अनवाणी उभं केलं, तर हाताची बोटं मोडायला लागले.

शेवटचं गाणं त्यांनी आईवर लिहिलं होतं. त्यात वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. तसेच ओळ पुरी करून थांबले. "हे कुणाला ऐकवायचं नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "शब्द दे मला. पुढच्या शुक्रवारी परत घेऊ." मी शब्द दिला. तो शुक्रवार उजाडायच्या आत त्यांचं हृदय बंद पडलं.

त्यांना नाशिकला पोचवून, दिवसकार्य उरकून वहिनी आणि रेवा फ्लॅट आवरायला परत आल्या, तेव्हा रेवानं विषय काढला. "काका, दॅट साँग हॅज टु बी ऑन द अल्बम."

"नाही. मी दादांना शब्द दिलाय."

"बट इट्स द ओन्ली वन व्हेअर ही साउंड्स लाइक बाबा." तिचे डोळे भरले होते आणि मी उगाचच आवाज चढवला. तिचंही खरं होतं, म्हणूनच चढवला असणार.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी या गाण्यांत कधी लक्ष घातलं नव्हतं. कढई हातात तशीच धरून बाहेर आल्या.

"भावजी, तुम्ही त्यांना दिलेल्या शब्दाचं राहू द्या. त्यांनी मला काय शब्द दिला होता, सांगू? लग्न झालं तेव्हा म्हणाले, दोन वर्षं काढू आणि परत जाऊ. मग रेवाची दहावी झाली की जाऊ. मग हे प्रोजेक्ट संपलं की. अहो, त्यांचा पुढचा शुक्रवार आला असता ना, तरी ते म्हणाले असते, परत घेऊ. आहे ते गाणं द्या लोकांना. खलास."

माझ्याकडची त्या गाण्याची फाईल मी रेवाला दिली.

अल्बम आता सगळीकडे आहे. अनोळखी लोक नेमकं त्या फाटलेल्या सुराबद्दल लिहून कळवतात. दादा असते तर महिनाभर माझ्याशी बोलले नसते. मी बरं केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

परवा गाडीत तेच गाणं लागलं होतं. बायको म्हणाली, "आपलं परत जायचं काय ठरलंय?"

"बघू," मी सवयीनं म्हणालो, "पुढच्या..."

आणि पुढचा शब्द मला म्हणवेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.