ताटातल्या पिठावर

माझे वडील संभाजीनगरच्या दवाखान्यात वारले आणि तेव्हापासून मायला एकच घोर लागला, की ते घरी आलेच नाहीत. आमच्याकडं माणूस जिथं जातो तिथं पीठ पसरून दिवा लावतात आणि वर टोपलं उपडं घालतात. सकाळी पिठात मुंगीचं, पाखराचं, गाईचं, जे पाऊल उमटलं असेल त्यावरून पुढचा जन्म ओळखायचा. दवाखान्याच्या फरशीवर कोण दिवा लावू देणार? मायनं नेकनूरच्या घरी, त्यांच्या बाजेखाली लावला. सकाळी पीठ जसंच्या तसं. जन्मभर नेकनूर-बीड काळीपिवळी जीप चालवलेला माणूस रस्ता चुकतोय होय, असं मी चेष्टेत म्हणालो. ती हसली नाही. वर्षभर ती दिवेलागणीला दारात उभी राहायची. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची.

मी बीडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि फावल्या वेळात रंगीत होलोग्राम दाखवणारं यंत्र जुळवत असतो. त्याचा जीव म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी एक काच. तिच्यात द्रवरूप स्फटिक असतो. विजेच्या इशाऱ्यावर तो जागोजागी कलतो आणि लेसरचा उजेड तिथं किंचित रेंगाळतो. हे रेंगाळणं नेमकं जमलं, की तोच उजेड पुढं हवेत गोळा होऊन वस्तूचा आकार घेतो, उंचसखलपणासकट. लाल, हिरवा, निळा इतक्या झपाट्यानं आळीपाळीनं सोडायचे, की डोळ्याला एकच रंगीत चित्र दिसावं. पण स्फटिक आळशी. हिरव्याची पाळी आली तरी लालचं चित्र पुरतं पुसलेलं नसतं. त्या उरलेल्या छायेला आम्ही भूतच म्हणतो.

नमुना म्हणून मी वडिलांचाच चेहरा घेतला होता, ते धडधाकट असताना. मी मोबाइल त्यांच्याभोवती फिरवत मोजमाप घेत होतो आणि ते न्हाव्यापुढं बसल्यासारखे वैतागले होते. "उरक की बे, गाडी भरली असंल." ते गेल्यावर ती फाइल मला उघडवेना. पण बोलता बोलता मी मायला ते सांगून बसलो. वर्षश्राद्ध झालं आणि ती म्हणाली, "तुझ्या मशिनीत त्ये हायेत ना? मग घरी आण त्येन्ला."

तो नुसता उजेड आहे, हे परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एका दुपारी यंत्र नेकनूरला नेलं आणि खिडकीला गोधडी लावून अंधार केला. बाजेच्या जागी टेबल मांडलं आणि तिरप्या आरशानं उजेड खाली वळवला. हवेत जमलेलं चित्र दिसायला मध्ये काहीतरी धरावं लागतं, म्हणून मी कोरा कागद काढला. काचेला न जुमानणारा थोडा उजेड चित्राच्या मधोमध ठिपका होऊन पडतो. तो मी वाटेतच टाचणीच्या डोक्यानं अडवला होता आणि त्याची फुशारकी मायला सांगितली.

"दिवा कावून झाकला?" ती म्हणाली. "काढ ती टाचणी."

मी टाचणी काढली, आणि कागद बाजूला सारून तिनं ज्वारीचं पीठ पसरलेलं ताट आणलं.

दोन्ही हातांनी ताट धरून ती वाकली. ताट वर नेलं की नाक स्पष्ट व्हायचं, खाली आणलं की डोळे, आणखी खाली कान. रंग अजून एकावर एक नीट बसले नव्हते, त्यामुळं चेहऱ्याला लाल कड होती. लेसरचं चित्र मुळातच रवाळ दिसतं, मला त्याची चीड आहे. पिठात तो रवा कळतच नव्हता. वडील पिठातून वर बघत होते आणि त्यांच्या कपाळावर दिवा होता. माय ताट सावकाश वरखाली करत त्यांचा चेहरा चाचपत राहिली.

"लई उशीर केला तुमी," एवढंच बोलली.

मी यंत्र बंद करून गोधडी काढली. पिठात एकमेकांजवळ दोन-चार बारके खड्डे पडले होते. मायनं ते निरखून पाहिले.

"पाखरू झालेत त्ये. आले बाबा घरी."

तिचे गाल ओले होते. हनुवटीवर एक थेंब अजून लोंबत होता. खड्डे कशाचे ते सांगणं माझं काम होतं, मी मास्तर आहे. मी ताट तिच्या हातून घेतलं आणि जपून भिंतीतल्या देवळीत ठेवलं.

आता ती दिवेलागणीला दारात उभी राहत नाही. ते चित्र मी पुन्हा लावलेलं नाही. नेकनूरला घरात चिमणी शिरली, की हातातलं काम टाकून मी आधी पंखा बंद करतो.