बियाचं कारलं

गावाकडं घरामागं कारल्याचा मांडव होता. बाभळीच्या मेढी अन् वर तुराट्या, बस. बी माझ्या बायकोचं, डोंगरकडा गावच्या माहेराहून आणलेलं, आखूड पांढरट कारल्याचं. दरसाली ती एक कारलं वेलावरच पिकू द्यायची अन् त्याचं बी राखेत घोळून ठेवायची. मागल्या साली दुखण्यात तिला ते जमलं न्हाई. उन्हाळ्यात ती गेली. डब्यात जुनं बी उरलं होतं ते मी पावसाळ्यात टोकलं. एकच वेल जगला.

पोरगा हिंगोलीला नोकरीला आहे, दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो म्हणला, "आबा, दिवाळीला येतो अन् तुमाला घेऊनच जातो." मी व्हय म्हणलं. पण बी धरल्याबिगर हालायचं न्हाई, हे पक्कं होतं. बी गेलं तर तिचं काय राहिलं? फोटो. तो मला बघवत न्हाई.

कारली लागली अन् वाकडी होऊन गळायला लागली. फोडलं की आत पांढऱ्या आळ्या. उन्हात पडल्या की टुणकन उडायच्या. गळालेली कारली मी मांडवाच्याच कोपऱ्यात टाकत होतो, खत होईल म्हणून. शेजारी माझी वहिनी राहते, थोरल्या भावाची बायको, तीबी एकटीच. तिनं भिंतीवरून बघितलं.

"भावजी, माशा पाळून राहिले का?"

"काहून?"

"आळी त्याच मातीत शिरती, तिथं तिचा दाणा होतो, दाण्यातून परत माशी. माझी जाऊ असली कारली न्हाणीच्या चुलीत टाकायची. तुमी नुसते आंघोळ करायचे. पाणी कशावर तापलं ते कधी बघितलं?"

खुरप्यानं माती उकरली. साळीच्या दाण्यावाणी तपकिरी दाणे निघाले. बरेच फुटून रिकामे झाले होते.

मग खताच्या दुकानातून माशीचा सापळा आणला. प्लास्टिकचा डबा, आत वासाची वडी. माशा आत जायच्या अन् बाहेरची वाट सापडत न्हाई म्हणून भिंतीला धडका मारत राहायच्या. मी खाट टाकून बघत बसायचो. दुसरं काम काय होतं? दुकानदार म्हणला होता, यात नरच येतात. वहिनीला सांगितलं तर ती हसली. "मंग काय, बाप्ये डब्यात गुंतले, बाया आपलं काम करूनच राहिल्या."

तिचा दोडका भिंतीला लागूनच होता, पण त्याला एक डंख न्हाई. माणूस कडू म्हणून तोंड वाकडं करतो, या माशीला आधी कारलंच पाहिजे. ते सरलं की दोडका, मग भोपळा, तोबी कवळा. वहिनी म्हणायची, "तुमचा वेल उपटू नका हो, माझा दोडका सुखात हाय."

बायको कारल्याला फडकं बांधायची ते आठवलं. तिच्या लुगड्याला हात लावायला मन झालं न्हाई. माझं धोतर फाडलं अन् बोटाएवढी झालेली कारली बांधून टाकली. सोडली तेव्हा आत आळ्याच. माशी आधीच अंडी घालून गेली होती. मी आळीला घर बंद करून दिलं होतं.

"बोटाएवढं झालं म्हणजे उशीर झाला," वहिनी म्हणली. "टोकाला वाळकं फूल चिकटलेलं असतानाच बांधायचं."

वेल बुडातून पिवळा पडत होता. शेंड्याला एकच कळी उरली. तिचं फूल वाळलं त्याच दिवशी फडकं बांधलं. रोज वरून चाचपायचो, सोडून बघायची सोय न्हाई.

दिवाळीला पोरगा गाडी घेऊन आला. कारलं हिरवंच.

"आबा, हिंगोलीच्या बाजारात कारली ढिगानं पडलीत."

"तुझ्या मायचं हाय का त्यात एक?"

तो पुढल्या रविवारी येतो म्हणून एकटाच गेला.

त्या आठवड्यात फडक्यातून केशरी रंग दिसला. सोडलं तर टोक फुटलेलं, आत लाल बी, एक आळी न्हाई. मला वाटलं होतं, बरं वाटंल. वाटलं न्हाई. आता पोराला न्हाई म्हणायला काही उरलं न्हाई, एवढंच कळलं.

बी धुऊन वाळवलं, राखेत घोळलं, अर्धं वहिनीला द्यायला गेलो.

"अर्धं कुठं नेता?"

"कुंडीत लावीन."

"दुसऱ्या मजल्यावर?" तिनं सगळंच बी ओढून पदरात घेतलं. "हे इथं राहू द्या. पावसाळ्यात टोकायला या. पोरगं सोडीत नसलं तर त्याला सांगा, वहिनीला कारल्याचं काई कळत न्हाई."

रविवारी गाडीत बसलो. इथं हिंगोलीत खिडकीला बारीक जाळी आहे, डास येऊ नये म्हणून. सून चांगली आहे, दोन वेळा चहा देते. मी जाळीपाशी बसून असतो. पावसाळा अजून लई लांब आहे.