भिशी म्हटलं असतं तर

मार्थामावशींना खोली सोडावी लागली, कारण त्या "भिशी" म्हणाल्या नाहीत. दुसरं कारण नाही. मला अजून ते गिळता येत नाही.

मावशी मूळच्या जालन्याच्या. नवरा गेल्यावर कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने आल्या. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायच्या. बोटं कायम निळी. मी शिकून घरी बसलेला. संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच.

सीझनला कारखान्याचा शेठ म्हणायचा, "संडे को आ जाओ, डबल दूँगा."

"शेठ, संडे मेरा नहीं है."

पोरी हसायच्या. "मावशी का बॉस ऊपर बैठता है."

"हां, और वो छुट्टी भी देता है."

रविवारी मावशींकडे उपासना असायची. चार-पाच घरची माणसं. बायबल, दोन-तीन गाणी, चहा. माईक नाही, पेटी नाही. दारात चपलांचा ढीग नको म्हणून प्रत्येकाने चपला पिशवीत घालून आत न्यायच्या. हा मावशींचाच नियम.

तरी सोसायटीच्या ग्रुपवर आलं, 'तळमजल्यावर रविवारी काय चालतं? धर्म बदलायला लावतात का?' लिहिणारे रोज जिन्यात मावशींना भेटत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वृंदाकाकू आजारी होत्या तेव्हा मावशी आठवडाभर पेज करून देत होत्या. पण मावशींना तोंडावर कोणी विचारलं नाही. मीटिंग बोलावली.

घरमालक हिरामणशेठ माणूस वाईट नाही. आदल्या दिवशी आले. मी तिथेच होतो.

"मावशे, उद्या सांग, भिशी हाय. बायका जमतात, चहा पितात. विषय संपला."

"भिशी नाही ना पण ती."

"मला ठाव हाय. सेक्रेटरीला पण ठाव हाय. तू फक्त बोल."

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी भूपेशदादांनी अगदी गोड विचारलं, "मावशी, ती तुमची भिशीच ना?"

सगळे थांबले होते. मीही. हो म्हणा, एकच शब्द, असं मनात घोकत होतो.

"नाही दादा. उपासना आहे. येशूच्या नावाने जमतो आम्ही. दार उघडंच असतं, येऊन बघा."

भूपेशदादांनी हात झटकले. "आता मी काय करणार? तुम्हीच तोंडाने बोललात."

हिरामणशेठना खोली रिकामी करून घ्यायला सांगितलं. सगळे आपापल्या खुर्च्या उचलून निघाले.

खोलीवर आल्यावर मी मावशींवरच चिडलो. "तुमच्या देवाला भिशी चालली नसती का?"

त्या कांदा चिरत होत्या. "त्याला चाललीही असती. मला नसती चालली. भिशी पुढं ढकलता येते रे. एकदा भिशी म्हटलं की कारखान्याच्या शेठने रविवारी बोलावल्यावर मी कामाला गेलेच असते."

मला तेव्हा ते पटलं नाही. राग तसाच होता. आता तो मावशींवर नाही, त्या मीटिंगवर आहे. पार्किंगमधल्या त्या सगळ्या खुर्च्यांना खोटं ऐकायचं होतं. खोट्याला खोली मिळत होती.

मावशी जांभूळ गावात राहायला गेल्या. टेम्पोत सामान चढवायला हिरामणशेठ आले, मान खाली घालून.

पुढच्याच रविवारी वृंदाकाकूंकडे खरी भिशी होती. चपला जिन्यापर्यंत आल्या होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती. मी ग्रुपवर लिहिलं, 'दुसऱ्या मजल्यावर रविवारी काय चालतं?'

भूपेशदादांनी मला ग्रुपमधून काढलं.

मी जांभूळची रिक्षा पकडली. मावशींच्या दारात चपला काढल्या आणि सवयीने हातात घेतल्या. आत गाणं चालू होतं.

"राहू दे बाहेर," मावशी म्हणाल्या. "इथं अजून कोणी विचारलं नाही."