शेवटचा फर्मा पहिला

"नारायणराव, आजपासून आमच्या घरी पुस्तक पाठवायचं नाही," वकीलसाहेब म्हणाले आणि हातातली कादंबरी त्यांनी माझ्या टेबलावर आपटली.

मी तेव्हा कंधारच्या एका मराठी वाचनालयात ग्रंथपाल होतो. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. ग्रंथपाल म्हणजे काय, तर खोली झाडायची, वर्गणीसाठी लोकांच्या पायऱ्या झिजवायच्या, फाटकी पानं खळीने चिकटवायची, आणि पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले की "सब किस्से-कहानी है साब" म्हणत त्यांना चहा पाजायचा. मराठी पुस्तकांवर तेव्हा सरकारचा डोळा असे.

बायका वाचनालयात येत नसत, पुस्तकंच घरोघर जात. वकीलसाहेबांच्या घरची कोंडाबाई दुपारी धुणं-भांडी आटोपून यायची, वाचून झालेलं पुस्तक टेबलावर ठेवायची आणि नवं पदराखाली घेऊन जायची. वाचणारी होती वकीलसाहेबांची सून, यमुनाबाई. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. नवरा हैदराबादेत शिकायला. ती कुणाशी बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. वाचत तेवढी होती.

"वाचते अन् रडते," वकीलसाहेब म्हणाले. "ताट तसंच पडून राहतं. तिची सासू म्हणते, ही बुकंच पोरीला खाऊन राहिलीत. मी किती दिवस तिची समजूत घालू?"

यात सासूचं फारसं चुकत नव्हतं. आमच्या कपाटात कादंबऱ्या दोनच जातींच्या. पहिल्या जातीतली नायिका पहिल्या प्रकरणात खोकायला लागायची आणि शेवटच्या प्रकरणात मरायची. दुसऱ्या जातीत बुडालेला नवरा, हरवलेला मुलगा आणि गेलेली इस्टेट, सगळं शेवटच्या चार पानांत परत यायचं. मी त्या पोरीला आलटून पालटून याच दोन जाती पाठवत होतो.

"एक संधी द्या," मी म्हणालो. "एकच पुस्तक."

"एकच. पण ती पुन्हा उपाशी निजली, तर बुकं बंद. कायमची. माझाही इलाज नाही मग."

दुसऱ्या दिवशी मी कोंडाबाईला म्हटलं, "बाईंना विचारून ये, कसलं पुस्तक पाहिजे. गोड शेवटाचं देऊ का?"

ती जाऊन परत आली. "दादा, बाईसाब म्हणल्या, गोड गोड नगं. मेलेलं माणूस माघारी येतंय असलं तर मुळीच नगं. ते खोटं हाय, म्हणल्या."

आली का पंचाईत! रडवायचं नाही, गूळही लावायचा नाही. विचार करताना मला एका नावाड्याची कादंबरी आठवली. पुरात त्याची नाव जाते, बायकोही जाते. कुणी परत येत नाही. पण तो माणूस हळूहळू उठतो आणि शेवटी गावच्या पोरांना शिव्या घालत पोहायला शिकवतो. लेखकाने कुठे डोळे पुसलेले नव्हते. मला स्वतःला ती फार आवडायची.

पण तिची पानं सुटली होती, म्हणून ती आणखी काही पुस्तकांसोबत नांदेडला बांधायला गेली होती. आमचे जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे, उस्मानभाई. हात असा की पुस्तक उशाखाली घेऊन निजलं तरी शिवण उसवू नये. कचेऱ्यांची दफ्तरं आणि उर्दू कायद्याची पुस्तकं त्यांच्याकडेच जात. आमच्या पुस्तकांना आजवर ते फक्त नवे पुठ्ठे लावत. पूर्ण सोडवून पुन्हा शिवायला दिलेला हा पहिलाच गठ्ठा.

वकीलसाहेबांची नांदेडला पेशी होती. "गठ्ठा मीच आणतो," ते म्हणाले. त्यांनी तो आणलाही. नावाड्याची कादंबरी मोटारीतून उतरून थेट घरी नेली आणि बाकीचा गठ्ठा सकाळी माझ्याकडे पाठवला.

मी वरचं पाकशास्त्राचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर मुखशुद्धी! त्यापुढे लोणची. वरणभात पार शेवटी. मी दुसरं पुस्तक उघडलं, तेही तसंच.

थोडं समजावून सांगतो. पुस्तक सुट्या पानांचं नसतं. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. उर्दू पुस्तक आपल्या उलट बाजूने उघडतं. उस्मानभाईंना मराठी वाचता येत नव्हतं. हाताच्या सवयीने त्यांनी फर्मे उर्दूच्या रीतीने रचले, म्हणजे शेवटचा फर्मा पहिला आणि पहिला शेवटी.

म्हणजे त्या पोरीच्या हातात गोष्ट शेपटाकडून पडली होती. तिने कंटाळून पुस्तक टाकलं की कारभार आटोपला. मी तसाच चपला घालून वकिलांच्या घरी धावलो. दारात कोंडाबाई होती.

"कोंडाबाई, ते पुस्तक परत आण. उलटं बांधलंय ते!"

"आता गं बया! बाईसाब तर वाचून राहिल्यात. सकाळी हासल्या बी. एकल्याच हासल्या."

हसल्या म्हटल्यावर पुस्तक मागायला माझी जीभ रेटेना. मी तसाच परत फिरलो.

पुढचे दिवस मी देवाचं नाव घेत काढले. मग एक दिवस वकीलसाहेब आले. कादंबरी त्यांच्या काखेत होती. त्यांनी खुर्ची ओढली.

"रडली हो काल," ते म्हणाले.

मी वर्गणीची वही ओढली आणि तिच्या नावावर काट मारायला टाक उचलला.

"पुष्कळ रडली. मग उठून चुलीपाशी गेली अन् सासूला म्हणाली, भूक लागलीय. दोन भाकरी खाल्ल्या." त्यांनी कादंबरी हळूच टेबलावर ठेवली. "पुढचं पुस्तक काय देता?"

मी बांधणीचं सांगितलं तर ते म्हणाले, "तिला पहिल्या दिवशीच कळलं. पानांचे आकडे बघत वाट काढली तिने. माझ्या मात्र ध्यानात नाही आलं, अन् म्हणे मी वकील!"

दुपारी कोंडाबाई निरोप घेऊन आली. "बाईसाब म्हणल्या, तो नाववाला शेवटी पोरांवर वरडत पान्यात हुबा ऱ्हातोय, हे आधीच कळलं हुतं. म्हून त्याची बायकू गेली तवा पुढचं वाचाया धीर झाला. न्हाई तर बुक तितंच मिटलं असतं."

मी ती कादंबरी कपाटात अगदी हाताशी ठेवली.

पुढे यमुनाबाई दुपारी शेवया करायला जमलेल्या बायकांना वाचून दाखवू लागली. सुरुवात शेवटच्या फर्म्यापासून. ती रीतच पडली. कोंडाबाई पुस्तक न्यायला आली की मला दरडावायची, "दादा, आधी शेवट सांगा. माणूस तगतंय का न्हाई?" मरणाऱ्या नायिका कपाटात पडून राहिल्या.

उस्मानभाईंना मी पाकशास्त्र दाखवलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावला. "तौबा! उल्टी बंध गई! लाव साब, सब फिरसे सी देतूं."

पाकशास्त्र आणि बाकीची पुस्तकं दिली. नावाडी दिला नाही. "वो किताब नक्को," मी म्हणालो, "वो बराबर है."

बांधून आलेलं पुस्तक उघडून तपासल्याशिवाय वाचकाच्या हातात पडू देऊ नये, हे मी पुढे हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. ते बरोबरच आहे. रिटायर होईपर्यंत माझ्या कपाटात उलटं बांधलेलं पुस्तक एकच राहिलं, आणि सगळ्यात जास्त झिजलं तेच.